पाटीवरची पस्तीस मिनिटं

१

"ताई, आमची माणसं चोरीला गेली," धाकटी बहीण फोनवर म्हणाली.

मावशींनी हातातली कात्री कुंडीत खोचली आणि खुर्ची ओढली. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात घालवली होती. जळालेली गोदामं, दरीत गेलेले ट्रक, कपाटातून नाहीसे झालेले दागिने, सगळं बघून झालं होतं. माणसं चोरीला गेल्याचा दावा मात्र पहिलाच.

धाकटीचा नवरा नावाडी होता. त्यांच्या गावाच्या मधोमध नदी. अलीकडे बसस्टँड आणि बाजार, पलीकडे हॉस्पिटल, कॉलेज आणि कचेऱ्या. पलीकडे जायचे दोन रस्ते. स्टँडच्या फाटकातून डावीकडे वळलं की धक्का, तिथून इंजिनाची होडी सरळ समोर नेऊन सोडायची. उजवीकडे वळलं की मिनीबस, ती लांबच्या पुलावरून वळसा घालून जायची. नावाड्याच्या आजोबांपासून लोक डावीकडेच वळत आले होते. गेल्या महिन्याभरात मात्र ते एकाएकी उजवीकडे वळायला लागले. भरून वाहणारी होडी आता अर्धीही भरत नव्हती.

मावशींनी नेहमीचे प्रश्न विचारले. भाडं वाढलं का? नाही. मिनीबसचं कमी झालं का? तेही नाही. होडीत काही अपघात, भांडण, कुणाचा अपमान? काहीच नाही. उलट होडीला नुकताच रंग दिला होता आणि बाकांवर नव्या गाद्या टाकल्या होत्या.

"कुणी भांडलं असतं तर परवडलं असतं," धाकटी म्हणाली. "समजूत तरी काढली असती. लोक रस्त्यात भेटतात, हसतात, तब्येतीची चौकशी करतात आणि मिनीबसमध्ये जाऊन बसतात."

तिच्या मते चोर कोण ते उघड होतं. मिनीबसवाल्यानं दुसरी गाडी घेतली होती. ती त्याच्या बायकोशी बोलायची बंद झाली होती आणि अर्ध्या गल्लीनंही बोलणं टाकावं म्हणून खटपट करत होती.

"आणि भावोजी काय म्हणतात?"

धाकटीनं आवाज खाली आणला.

"तेच मला कळत नाही, ताई. धंदा बसलाय आणि हा माणूस शीळ घालत अंघोळ करतो."

मावशींनी त्याच संध्याकाळी बॅग भरली.

२

स्टँडवर भावोजी घ्यायला आले होते. चेहरा हसरा, शर्टाला कडक इस्त्री. मावशी बसमधून उतरल्या की त्यांच्या हातातली बॅग हिसकावून घ्यायची ही भावोजींची जुनी खोड. या वेळी त्यांनी हमालाला हाक मारली. आता दोघंही म्हातारे झालो, असं मनाशी म्हणत मावशी निघाल्या.

वाटेत त्यांनी विषय काढला, तर भावोजी म्हणाले की लोकांची मर्जी. आयुष्यभर लोकांनी पोसलं, आता जरा कमी पोसतील. असं म्हणून त्यांनी नदीकडे बघितलं आणि खरोखरच शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मिनीबसवाल्याकडे गेल्या. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आपण कुणाची बहीण ते सांगितल्यावर तिचा चेहरा आधी आंबट झाला, मग रडवेला. मिनीबसवाला दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा आडवा होता, पण तोही दुखावलेला दिसला. दुसरी गाडी त्यानं गर्दी आवरेना म्हणून घेतली, गर्दी व्हायच्या आधी नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"गिऱ्हाईक आलं तर का आलात म्हणून विचारतात का कधी? आले, मी नेले. मावशी, माझी स्वतःची आई अजून होडीनं जाते. म्हणते, समोर तर जायचंय, तुझ्या डबड्यातून कशाला गावभर फिरू."

"आणि तुम्ही?"

उत्तर त्याच्या बायकोनंच दिलं. लहानपणी तो विहिरीत पडला होता. तेव्हापासून होडीत त्यानं पाऊल ठेवलेलं नाही. पुलावरून गाडी नेतानासुद्धा तो नदीकडे बघत नाही.

ते ऐकून मिनीबसवाला लाजला. मावशींनी वर्षानुवर्षं खोटं बोलणारी माणसं पाहिली होती. खोटं बोलणारा स्वतःची हुशारी दाखवतो, असा लाजत नाही.

दारातून निघताना त्यांना जाणवलं, चोर हा नसेल तर धाकटीनं एका निरपराध घराशी बोलणं तोडलंय. आणि खरा चोर अजून कुठंतरी निवांत बसलाय.

३

नोकरीत असताना मावशींची एक पद्धत होती. सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं बाजूला ठेवून शब्द ऐकायचे. उत्तर माणूस ठरवून देतो, शब्द त्याच्या नकळत येतात.

त्या मिनीबसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढं एक निवृत्त शिक्षक होते, मागं कॉलेजची मुलगी, तिच्यामागं हॉस्पिटलमध्ये सासऱ्यांचा डबा पोचवणारी बाई. होडी का सोडली, हा प्रश्न त्यांनी सहज गप्पांच्या ओघात टाकला. शिक्षक म्हणाले, होडीत फार वेळ मोडतो. मुलगी म्हणाली, होडीनं गेलं तर पहिलं लेक्चर बुडतं. डबेवाली बाई म्हणाली, अर्धा तास नदीवर घालवायला कुणाला वेळ आहे. एवढी वर्षं मग होडीनं का जात होतात, असं विचारल्यावर तिघंही जरा गोंधळले. शिक्षकांनी चष्मा पुसला. तेव्हा लक्षात आलं नव्हतं, म्हणाले.

मग मावशी धक्क्यावर गेल्या. जे थोडे लोक अजून होडीनं जात होते त्यांना तोच प्रश्न उलटा करून विचारला. तुम्ही मिनीबसनं का जात नाही? मिनीबसवाल्याची आई तिथं होतीच.

"हे काय, समोर दिसतंय की हॉस्पिटल," ती म्हणाली. "समोरच्या दारात जायला कुणी गावाला प्रदक्षिणा घालतं का?"

बाकीच्यांचंही तेच. हाकेच्या अंतरावर आहे. वळसा कशाला. जवळचं सोडून लांबून कशाला जायचं. एकानंही वेळेचं नाव काढलं नाही.

मावशी धक्क्याच्या कठड्यावर बसल्या. नदी तीच, होडी तीच, पूल तोच. पण निम्मं गाव अंतरात बोलत होतं आणि निम्मं मिनिटांत. अंतरात बोलणारे होडीचे राहिले होते, मिनिटांत बोलणारे गेले होते. ही मिनिटं त्यांच्या डोक्यात घातली कुणी?

त्यांनी उरलेल्या लोकांना आणखी एकच गोष्ट विचारली. तुम्ही धक्क्यावर येता कुठून? एकजात सगळे बाजारातल्या बोळातून येत होते. स्टँडच्या फाटकातून त्यांच्यातलं कुणीही येत नव्हतं.

मावशी उठल्या आणि भरभर फाटकाकडे निघाल्या.

४

फाटकासमोर, दोन रस्ते फुटतात तिथं, एक पाटी उभी होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, ताजी, चकचकीत.

'रुग्णालय – होडीने ३५ मिनिटे. पुलावरून २० मिनिटे.'

मावशी तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. उन्हाची तिरीप तिरकस पडली होती आणि नव्या रंगाखाली जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. होडीने १ किलोमीटर. पुलावरून ६ किलोमीटर.

त्यांनी धाकटीला तिथंच बोलावून घेतलं. धाकटी पाटीकडे बघतच राहिली. ती रोज इथून जात होती. पाटीला रंग दिलाय एवढंच तिनं बघितलं होतं.

"पण ताई, एवढ्यानं? लोकांना काय आधी माहीत नव्हतं किती वेळ लागतो ते?"

"माहीत असतं गं. पण माणूस दारात उभा राहून सगळं आठवत नाही. समोर जे लिहिलंय त्यातच निवड करतो. एक आणि सहा म्हटलं की पूल म्हणजे उगाच वळसा. पस्तीस आणि वीस म्हटलं की होडी म्हणजे उगाच खोळंबा. आमच्या ऑफिसात काय व्हायचं, तीन आठवड्यांत पैसे मिळतील म्हटलं की लोक भांडायला उठायचे. अमुक तारखेला मिळतील म्हटलं की नमस्कार करून घरी जायचे. दिवस तेवढेच."

पेंटरचं दुकान स्टँडच्या मागंच होतं. तो एका दुकानाच्या नावाला सोनेरी कड काढत बसला होता. पाटी आपणच रंगवली हे त्यानं लगेच कबूल केलं. मजकूर कुणी दिला ते मात्र सांगेना. ज्यानं दिला त्यानं सांगू नको म्हटलंय आणि आपण शब्द दिलाय. मावशींनी धाक दाखवून पाहिला, गोड बोलून पाहिलं. पेंटरनं कुंचला धुतला, निथळवला आणि एवढंच म्हणाला, "माणूस वाईट नाही हो तो. वाईट असता तर मी अक्षरं इतकी सुबक काढली असती का?"

मग मावशींनी तेच केलं जे त्या प्रत्येक दाव्यात करायच्या. स्वतः मोजलं. फाटकापासून मिनीबसनं हॉस्पिटलच्या दारापर्यंत वीस मिनिटं लागली, पाटी म्हणत होती तेवढीच. परत येऊन त्या होडीनं गेल्या. धक्क्यापर्यंत चालणं, होडी सुटायची वाट बघणं, नदी पार करणं, पलीकडच्या पायऱ्या चढून हॉस्पिटलचं दार. आपल्या वयाला साजेशा चालीनं त्या निघाल्या होत्या, एकदा पदर सावरायलाही थांबल्या होत्या. घड्याळात बघितलं तर बावीस मिनिटं झाली होती.

खरं लिहिलं असतं तर दोन्ही रस्ते जवळपास सारखेच होते. पुलाची वेळ बरोबर होती. होडीच्या वेळेत मात्र कुणीतरी तेरा मिनिटं जास्तीची घातली होती.

५

हॉस्पिटलच्या दारात त्यांना भाची भेटली. धाकटीची एकुलती एक मुलगी, तिथंच नर्स. तिची ड्यूटी संपायला वेळ होता, म्हणून दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

मावशींच्या मनात एक नकोसा संशय होता. होडी बंद पडावी असं मनापासून कुणाला वाटत असेल तर या मुलीला. बाबांनी आता पुरे करावं, घरी बसावं, असं ती वर्षभर म्हणत होती. तिनं ते लपवलं नाही. बाबा दमतात, म्हणाली, पण ऐकत नाहीत. मावशींनी मग पाटीचं सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

भाची आधी चकित झाली, मग हसली.

"म्हणजे तुला वाटलं मी? मावशी, मी लिहिली असती तर पंधरा लिहिली असती. मी या पायऱ्या पळत चढते. पस्तीस मिनिटं कुणाला लागतात?"

ती सहज बोलून गेली, पण मावशी जागच्या जागी ताठ बसल्या.

कुणाला लागतात? आत्तापर्यंत त्या धरून चालल्या होत्या की तेरा मिनिटं खोटी आहेत. पण पुलाची वीस अगदी काटेकोर होती. होडीला बदनामच करायचं तर कुणी तीस लिहिली असती किंवा चाळीस, गोल आकडा. पस्तीस हा मोजलेला आकडा वाटत होता. म्हणजे कुणीतरी खरोखर हातात घड्याळ धरून हा रस्ता चाललं होतं, आणि त्या पायांना तो तेवढाच लांब होता. मिनीबसवाला तर होडीत बसतच नाही. भाची पळते. त्या स्वतः, एवढ्या वयाच्या, बावीसमध्ये आल्या.

त्या उठून पायऱ्यांच्या तोंडाशी गेल्या. पायऱ्यांच्या मध्यावर, झाडाखाली, एक दगडी ओटा होता. हॉस्पिटलच्या फाटकावरच्या रखवालदाराला त्यांनी विचारलं, तिथं कुणी बसतं का?

"नावाडी बसतात की," तो म्हणाला. "पूर्वी लेकीचा डबा वरपर्यंत आणून द्यायचे. हल्ली तिथं बसतात आणि तिला फोन करून खाली बोलावतात. बराच वेळ बसतात. नदी बघत असतील."

भाची मागं येऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. दिवसभर अनोळखी माणसांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणारी ती मुलगी, तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"मला वाटायचं लाडात येऊन खाली बोलावतात," ती म्हणाली.

६

मावशी अलीकडे परतल्या. दुपारच्या फेरीला होडीत गिऱ्हाईक नव्हतं. त्या पुढच्या बाकावर बसल्या. भावोजींनी होडी सोडली आणि प्रवाहाला लागल्यावर इंजिन हळू केलं. मावशी काय बोलणार ते त्यांना कळलं असावं.

"पाटी तुम्ही बदललीत," मावशी म्हणाल्या.

भावोजींनी सुकाणूवरचा हात काढला नाही. "ताई, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. मला तेवढीच लागतात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पायऱ्या चढताना छातीत दाटून यायचं, ते त्यांनी वयावर घातलं होतं. पण एक दिवस भरल्या होडीत, नदीच्या मध्यावर, डोळ्यांपुढं अंधारी आली. काही क्षणच. कुणाला कळलंही नाही. समोरच्या बाकावर एक बाळंतीण होती, मांडीवर तान्हं. त्या दिवसापासून प्रत्येक भरलेल्या फेरीला ते बाकांवरची माणसं मोजत बसायचे.

"मग बंद करायची होती होडी."

"बंद केली असती तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं. घरी रडारड, पोरीची सुट्टी, सगळं आलं. लोक आपणहून यायचे थांबले तर कुणी काही विचारत नाही. दोनदा चाललो, दोनदा मिनीबसनं गेलो. आकडे आले तेच लिहायला दिले. होडी रिकामी जायला लागली आणि मला इतकं हलकं वाटलं, ताई, की काय सांगू."

शीळ घालण्याचा उलगडा झाला. मावशींना राग यायला हवा होता, पण आला नाही. या माणसानं आपला जीव जपण्याचा विचार एकदाही केला नव्हता. जी काही हुशारी चालवली ती दुसऱ्यांना होडीतून उतरवण्यासाठी. पण उरलेले आठ-दहा लोक अजून त्या होडीत बसत होते, आणि ते स्वतः रोज बसत होते.

"आता ही होडी पलीकडे लागली की माझ्याबरोबर वर यायचं," त्या म्हणाल्या. "दोन ठिकाणी बसत बसत या. मला घाई नाही."

तपासण्या झाल्या. हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या. त्या उघडायच्या तर मोठ्या शहरात जावं लागणार होतं. डॉक्टरांनी सांगितलं, अडीचशे किलोमीटर. ते ऐकल्याबरोबर भावोजींनी मान हलवली. एवढ्या लांब नको. इथंच गोळ्या द्या. धाकटीनं समजावलं, मुलीनं विनवलं, ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मावशी खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसल्या.

"भावोजी, आता मी तुमचाच डाव तुमच्यावर टाकणार आहे. आधीच सांगते, म्हणजे फसवलं म्हणायला नको. सकाळचा चहा घरी घ्यायचा, निघायचं. दुपारचं जेवण तिथं."

भावोजी कूस बदलून वळले. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"मला कळतंय हां तुम्ही काय करताय ते."

"कळू दे की."

त्यांनी उशी सरळ करून घेतली. मग म्हणाले की जेवण कुठलं मिळेल तिथं, कारण हॉस्पिटलचं जेवण आपण खाणार नाही. धाकटीनं डोळे पुसले आणि डब्यात काय काय न्यायचं ते ठरवायला लागली.

जाण्याआधी धाकटीनं आणखी एक काम केलं. ती मिनीबसवाल्याच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, पण शहरात न्यायला दुसरी मिनीबस दारात आली आणि मिनीबसवाला स्वतः चालवायला बसला. वाटेत एका मोठ्या नदीवरच्या पुलावर त्यानं सवयीनं मान फिरवली, तेव्हा भावोजींनी मागून सांगितलं की नदी छान आहे, बघायला हरकत नाही. त्यानं बघितलं नाही, पण हसला.

नळ्या उघडल्या, भावोजी परत आले. पेंटरनं पाटी पुन्हा रंगवली. या वेळी त्यानं मजकूर मावशींकडून घेतला आणि आपल्या हिशेबानं अक्षरं जरा लहान केली, कारण किलोमीटर आणि मिनिटं दोन्ही बसवायची होती, आणि मिनिटं साध्या चालीच्या माणसाची. निम्मे लोक डावीकडे वळायला लागले, निम्मे उजवीकडे राहिले. शिक्षक डावीकडे वळले, डबेवाली बाई उजवीकडेच गेली. तिला म्हणे मिनीबसमध्ये डुलकी काढता येते.

सुकाणू आता धाकटीकडे आलं. इतकी वर्षं ती तिकिटं फाडत आणि दोर टाकत त्याच होडीवर होती. परवान्याची परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली आणि परीक्षा घेणाऱ्यालाच वाऱ्याबद्दल दोन गोष्टी सांगून आली. मावशी परत जायला निघाल्या त्या दिवशी भाचीला भेटायला म्हणून पलीकडे गेल्या, तेव्हा भावोजीही बरोबर होते. डॉक्टरांनी महिनाभर होडी चालवायला मनाई केली होती, बसायला नाही.

होडी सुटली तसे ते अस्वस्थ झाले. जरा डावीकडे घे, म्हणाले. धाकटीनं घेतली नाही. इंजिनाचा आवाज ऐक, म्हणाले. तिनं ऐकल्याचं दाखवलं नाही. मग ते उठून उभे राहिले आणि सुकाणूकडे निघाले.

"प्रवाशांनी होडी चालू असताना जागेवर बसावं," धाकटी समोर बघतच म्हणाली.

होडीतले सगळे हसले. भावोजींनी एकदा बायकोकडे, एकदा पाण्याकडे बघितलं. मग ते मावशींच्या शेजारी, नव्या गादीवर, चांगले मागं रेलून बसले.

"आयुष्यात पहिल्यांदा कळलं ताई," ते म्हणाले, "बसायला किती छान आहे ही."